एमबीए सीईटी: दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटं आणि सोडून देण्याची सवय

दरवर्षी दिवाळी सरली की ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचा नाहीतर मुलीचा फोन येतो. ‘दादा, एमबीए करायचंय. सीईटीला काय वाचू?’ मी सांगतो, वाचण्यासारखं फारसं काही नाही. मग पलीकडे थोडा वेळ शांतता.

पदवीपर्यंत आपण ज्या परीक्षा देतो त्यांत धडे असतात, महत्त्वाचे प्रश्न असतात, पाठ करायच्या व्याख्या असतात. एमबीएची सीईटी तशी नाही. तिचं बहुतेक गणित सातवी ते दहावीच्या पुस्तकात सापडतं. अडचण असते ती वेळेची आणि कुठला प्रश्न हातात घ्यायचा, कुठला टाकून पुढे जायचं हे ठरवण्याची. आपल्याला लहानपणापासून ‘पेपर पूर्ण सोडव’ असं शिकवलेलं असतं, त्यामुळे टाकून देणं जड जातं. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी एका गोल टेबलाच्या कोड्यावर जवळपास अकरा मिनिटं घालवली होती. कोडं सुटलं, वर्ष गेलं.

आधी परीक्षा कोणती ते ठरवा

महाराष्ट्रातल्या मुलामुलींपुढे साधारण तीन वाटा असतात. कॅट ही आयआयएमची परीक्षा, नोव्हेंबरच्या शेवटी होते. दोन तासांत तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटं, बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं तर १ गुण वजा. प्रश्न कमी आणि अवघड. २०२४ च्या पेपरात एकूण ६८ होते. आपल्याच राज्यात आयआयएम नागपूर आहे, आणि पवईची जुनी नीटी २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली आहे. दुसरी वाट सिम्बायोसिसच्या स्नॅपची. तिच्यात ६० मिनिटांत ६० प्रश्न असतात.

तिसरी वाट म्हणजे राज्याच्या सीईटी सेलची एमएएच-एमबीए/एमएमएस सीईटी. नावातल्या तिरकस रेघेने गोंधळू नका. मुंबई विद्यापीठात या पदवीला एमएमएस म्हणण्याची रीत आहे, बाकी बहुतेक ठिकाणी एमबीए म्हणतात. चर्चगेटची जमनालाल बजाज संस्था, तिच्या जवळचीच सिडनहॅमची सिमश्री, पुण्यात विद्यापीठाच्या आवारातला व्यवस्थापन विभाग म्हणजे पुंबा, आणि जिल्ह्याजिल्ह्यातली कितीतरी कॉलेजं याच परीक्षेच्या गुणांवर भरतात. बरेच जण जूनपासून कॅटची तयारी करतात आणि नोव्हेंबर उलटला की सीईटीकडे वळतात. ते चालतं. मात्र कॅटमध्ये थांबून खोल विचार करायची सवय लागलेली असते आणि सीईटीत नेमकी तीच नडते, एवढं ध्यानात असू द्या.

पात्रता सरळ आहे. किमान तीन वर्षांची कुठल्याही शाखेची पदवी, तीत ५० टक्के. महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना, आर्थिक दुर्बल घटकांना आणि दिव्यांगांना ४५ टक्के. शेवटच्या वर्षाला असाल तरी अर्ज करता येतो. बीए मराठी केलेल्यांनी ‘आपल्याला जमेल का’ म्हणून बिचकू नये. अर्जात शाखा विचारतात, पेपरात विचारत नाहीत.

पेपर समोर ठेवा

आतापर्यंतच्या रचनेप्रमाणे २०० प्रश्न, १५० मिनिटं, प्रत्येक प्रश्नाला १ गुण, चुकीला वजाबाकी नाही. तर्कावर ७५, आकृत्यांवर २५, गणितावर ५०, इंग्रजीवर ५०. पेपर संगणकावर आणि इंग्रजीत. रचनेत बदल होऊ शकतो, म्हणून ज्या वर्षी बसणार त्या वर्षीची माहितीपुस्तिका सेलच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. ती कंटाळवाणी आहे, पण एकदा तरी पूर्ण वाचाच. क्लासच्या जाहिरातीवरून पॅटर्न समजून घेणारे फसतात.

आता भागाकार करा. दीडशे मिनिटांत दोनशे, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. त्यातच प्रश्न वाचणं आलं, पर्याय बघणं आलं, माऊसची टिचकी आली. तयारीची दिशा या एका आकड्यातून ठरते. तीन मिनिटांची सुंदर रीत इथे कामाची नाही.

पहिली पायरी: काहीही न वाचता एक मॉक

अभ्यास सुरू करण्याआधी पूर्ण वेळेची एक मॉक टेस्ट द्या. इंटरनेटवर फुकट मिळतात. गुण कमी पडतील आणि वाईट वाटेल. माझे पहिल्या वेळी दोनशेपैकी एकसष्ट आले होते, आणि मी तो आकडा घरी कुणाला सांगितला नव्हता. पण या एका चाचणीतून कुठल्या विभागात तुमचा हात आपोआप चालतो आणि कुठे घाम फुटतो ते कळतं. शंभर पानांची नोट्सची झेरॉक्स ते सांगू शकत नाही.

आकडा तारखेसह वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दुसरी पायरी: तर्क, कारण वजन तिथे आहे

दोनशेतले पंच्याहत्तर गुण तर्काचे. आकृत्या त्यात धरल्या तर शंभर, म्हणजे निम्मा पेपर. तरी नवखा माणूस गणिताचं पुस्तक उघडून बसतो, कारण गणित म्हणजे अभ्यास आणि कोडी म्हणजे टाइमपास असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. रोजचा पहिला ताजा तास तर्काला द्या, गणित त्यानंतर.

या विभागात बैठकव्यवस्था, मजल्यांची नाहीतर डब्यांची कोडी, सांकेतिक भाषा, नातेसंबंध, दिशा, असमानता, सिलॉजिझम (‘सर्व’, ‘काही’ अशा विधानांवरून काय नक्की ठरतं ते सांगणं), आणि विधान देऊन गृहीतक किंवा निष्कर्ष विचारणारे प्रश्न येतात. बँकेच्या पीओ, म्हणजे अधिकारीपदाच्या परीक्षेची तयारी केलेली मुलं इथे पुढे असतात. सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत बसत असाल तर शेजारच्या टेबलावरून बँकेची जुनी कोडी मागून घ्या, सरावाला उत्तम.

कोड्यांची एक रीत सांगतो. दिलेली सगळी वाक्यं एकदा झरझर वाचा आणि पक्कं वाक्य शोधा. ‘अमोल उत्तरेच्या टोकाला बसला आहे’ हे पक्कं. ‘स्नेहा अमोलपासून तिसरी आहे’ हे त्याला बांधलेलं. ‘फैजल नेहाच्या शेजारी नाही’ हे नकारार्थी, ते सर्वांत शेवटी वापरायचं. सुरुवात नेहमी पक्क्यापासून करा, नाहीतर कागदावर चार-चार आकृत्या होतात आणि कुठली खरी ते तुमचं तुम्हालाच कळत नाही. गोल टेबलाच्या कोड्यात सगळे आत, केंद्राकडे तोंड करून बसले असतील तर डावीकडचा शेजारी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने येतो. तोंड बाहेर असेल तर उलट. सराव करताना कागदावर बाण काढायची सवय लावा, परीक्षेत घाईच्या वेळी डावं-उजवं खरंच विसरतं.

एका कोड्यावर सहसा चार-पाच प्रश्न असतात. म्हणजे कोडं सुटलं तर पाच गुण एकदम, आणि अडकलं तर पाच प्रश्नांचा वेळ एकदम गेला. म्हणून माझा नियम असा: दोन मिनिटांत निम्म्या जागा भरल्या नाहीत तर खूण करून पुढे जायचं. घरी सराव करतानाही हाच नियम. घरी पंधरा मिनिटं झगडून कोडं सोडवलं की आनंद होतो खरा, पण आपण नकळत नेमक्या वाईट सवयीचा सराव करतो. अडकलेलं कोडं संध्याकाळी वेळ न लावता पुन्हा घ्या आणि कुठल्या वाक्यावर अडलो होतो तेवढं बघा.

सिलॉजिझममध्ये व्यवहारज्ञान बाजूला ठेवावं लागतं. काही पेनं पुस्तकं आहेत, सर्व पुस्तकं वह्या आहेत. तर काही पेनं वह्या आहेत हे नक्की. काही पेनं वह्या नाहीत हे मात्र नक्की नाही; कदाचित सगळीच असतील. मनात ‘काही’ म्हटलं की आपण ‘सगळी नाहीत’ हे आपल्या पदरचं जोडतो. एकदा वर्तुळं काढून वीस-पंचवीस प्रश्न केलेत की हा दोष जातो, आणि मग हा प्रश्न वीस सेकंदांत होतो.

आकृत्या

पंचवीस प्रश्न, बहुतेक मालिका आणि वेगळी आकृती ओळखा या धर्तीचे. शिकवण्यासारखं कमी, बघण्यासारखं जास्त. रोज दहा करा. एका वेळी आकृतीतल्या एकाच घटकाचा माग घ्या: फक्त काळा ठिपका कुठे सरकतो ते बघा, मग रेघा मोजा. त्यात बरेचसे पर्याय गळून पडतात. तीस सेकंदांत नाही दिसलं तर पुढेही दिसत नाही, असा माझा अनुभव.

गणित: आजोबांचे पाढे बाहेर काढा

कॅल्क्युलेटर मिळत नाही. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा, काळ-काम-वेग, संख्यामालिका, तक्ते आणि आलेख, थोडी संभाव्यता. संकल्पना तुम्हाला येतात, वेळ आकडेमोडीत जातो. म्हणून पहिले पंधरा दिवस फक्त हात साफ करण्यात घालवा: तीसपर्यंत पाढे, पंचवीसपर्यंत वर्ग, पंधरापर्यंत घन.

आपल्याकडच्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत. आमच्या आजोबांना दिडकी झोपेतही यायची आणि आम्ही त्यांना हसायचो. आज बघतो तर सव्वापट म्हणजे २५ टक्के वाढ आणि पाऊणपट म्हणजे २५ टक्के सूट. किंमत २५ टक्क्यांनी वाढली आणि मग २० टक्क्यांनी उतरली तर काय? पाच चतुर्थांश, मग चार पंचमांश, होती तिथेच आली. कागदाला हातही लावावा लागत नाही.

याच वाटेने अपूर्णांकांचा छोटा तक्ता पाठ करा: एक सप्तमांश १४.२८ टक्के, एक अष्टमांश १२.५, एक नवमांश ११.११, एक बारांश ८.३३. मग ६४८ चे ३७.५ टक्के विचारले तर ते तीन अष्टमांश. ६४८ ला आठने भागलं की ८१, तिप्पट केली की २४३. शंभरने गुणून-भागून करत बसणाऱ्याचा अजून गुणाकार चालू असतो.

आणि हो, मनातली आकडेमोड मराठीतच करा. क्लासमध्ये काही मुलं ओशाळून इंग्रजीत पुटपुटत असतात. ‘सात आठे छप्पन’ तुम्हाला ज्या वेगाने येतं त्या वेगाने इंग्रजीतून यायला अजून दहा वर्षं लागतील, आणि पडद्यावर तर फक्त अंक टिपायचा असतो.

संभाव्यता, क्रमचय-संचय यांत आधीपासून गती नसेल तर त्यांच्यावर महिना घालवू नका. तिथल्या दोन-चार प्रश्नांसाठी शेकडेवारीतले दहा गमावणं परवडत नाही.

इंग्रजी, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

याची भीती वाजवीपेक्षा जास्त असते. शब्दसंपत्तीची जाड पुस्तकं रट्टा मारून फारसं हाती लागत नाही. रोज एखाद्या इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख वाचा आणि लेखक नक्की काय म्हणतोय ते एका मराठी वाक्यात लिहा. मराठीत लिहिता आलं म्हणजे कळलं. उताऱ्याच्या प्रश्नांना एवढीच समज लागते.

चुका शोधायच्या प्रश्नांत आपली मातृभाषा गुपचूप खड्डा खणते. आपण एखाद्या गोष्टी‘बद्दल’ चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ आपल्याला बरोबर वाटतं. इंग्रजीत ‘अबाउट’ नको. आपण ‘परत’ येतो, म्हणून ‘रिटर्न बॅक’ खटकत नाही. ‘वन ऑफ माय’च्या पुढे ‘फ्रेंड’ लिहून मोकळे होतो, तिथे अनेकवचन हवं. अशा चुका सापडतील तशा एका पानावर जमवत जा. पान भरायला महिना लागतो, पण पुढे ते सगळ्यात उपयोगी पडतं.

इंग्रजीचा खरा फटका मात्र तर्काच्या विभागात बसतो. ‘ॲट लीस्ट’ म्हणजे किमान, ‘ॲट मोस्ट’ म्हणजे जास्तीत जास्त, ‘अनलेस’ म्हणजे ‘नसेल तर’, ‘इमिजिएट लेफ्ट’ म्हणजे लगेच डावीकडचा. हे शब्द वाचताक्षणी मराठीत उमटायला हवेत. ज्यांना कोडी जमत नाहीत असं वाटतं, त्यांतल्या निम्म्यांना कोडी येतात. वाक्य वाचताना त्यांचा पाय घसरतो.

मॉक आणि चुकांची वही

तिसऱ्या महिन्यापासून आठवड्याला एक मॉक, शेवटच्या महिन्यात दोन. परीक्षेची वेळ सकाळची पडो की दुपारची, त्याच वेळेला बसण्याचा प्रयत्न करा. मॉक दीडशे मिनिटांची, पण तिचं परीक्षण किमान तेवढंच. दिली, गुण बघितले, स्टेटसला टाकले, असं चाललं तर वीस मॉक देऊनही आकडा हलत नाही.

परीक्षणात प्रश्नांचे ढीग करा: येत होतं आणि चुकलं, येत नव्हतं, येत होतं पण पोचलोच नाही. गुण वाढतात ते तिसऱ्या ढिगातून. सोपे प्रश्न पेपरभर विखुरलेले असतात आणि आपण मधल्या एखाद्या कोड्यात रुतून बसल्यामुळे शेवटचे वीस सोपे प्रश्न न बघताच वेळ संपते. प्रत्येक मॉकनंतर मी एकच ओळ लिहायचो: आज कुठे जास्त वेळ थांबलो. दहा मॉकनंतर तीच ती नावं पुन्हा दिसायला लागली.

वेळेची विभागणी प्रत्येकाची वेगळी. माझी अशी होती: आकृत्यांना १५ मिनिटं, इंग्रजीला ३०, तर्काला ६५, गणिताला ३५, आणि शेवटची ५ मिनिटं राहिलेल्या प्रश्नांवर टिचक्या मारायला. वजाबाकी नाही तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे रस्त्यात पैसे टाकणं. समजा तीस प्रश्न न बघितलेले राहिले आणि पाच पर्याय धरले, तरी सरासरीने सहा गुण नुसत्या टिचकीने येतात. वरच्या कॉलेजांची रांग दशांशांच्या फरकाने हलते, तिथे सहा गुण फार झाले.

दाखले अभ्यासाइतकेच गंभीरपणे घ्या

हा भाग कुणी सांगत नाही आणि मुलं इथे रडतात. अधिवास प्रमाणपत्र, प्रवर्ग लागू असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रिमीलेयर, आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. यांतलं जे लागू आहे ते परीक्षेच्या आधीच काढायला टाका. सेतू केंद्रात मे-जूनमध्ये काय गर्दी असते ते बघितलंच असेल. वैधतेचं प्रकरण समितीकडे जातं आणि महिने लागू शकतात. नॉन क्रिमीलेयरवरची तारीख तपासा: ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेणार ते वर्ष संपतं त्या ३१ मार्चपर्यंत दाखला वैध हवा. मागच्या वर्षीचा आहे म्हणून निश्चिंत राहू नका. नावातलं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी आणि आधारशी जुळतंय का तेही आताच बघा.

फीच्या धाकाने मागे हटणाऱ्यांसाठी: वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. त्याच उत्पन्नमर्यादेत इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शिक्षण शुल्काची सवलत आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून झालेला हवा. कॉलेजने परस्पर व्यवस्थापन कोट्यात सीट देऊ केली तर हे आधी आठवा.

परीक्षेचा दिवस

हॉल तिकीट, मूळ ओळखपत्र, पेन. केंद्र अनोळखी गावात असेल तर आदल्या दिवशी जाऊन बघून या. ही केंद्रं बऱ्याचदा शहराबाहेरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत असतात आणि सकाळी तिकडे रिक्षा मिळत नाही. आदल्या रात्री नवीन कोडी नकोत. पेपर अवघड वाटला तर तो सगळ्यांनाच अवघड आहे.

परीक्षा अनेक सत्रांत होते, म्हणून निकाल गुणांऐवजी पर्सेंटाइलमध्ये लागतो. तुमच्या सत्रात हजार जण बसले आणि त्यांतल्या ९८५ जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण असतील, तर तुमचं पर्सेंटाइल ९८.५. घरच्यांना हे आधीच समजावून ठेवा. नाहीतर ‘पंच्याण्णव पडले’ म्हणून पेढे वाटले जातात आणि आठवड्याने हवं ते कॉलेज का मिळत नाही याचा खुलासा देत बसावं लागतं.

निकालानंतर: इथेही नवखे घसरतात

सीईटी दिली म्हणजे प्रवेशप्रक्रियेत नाव लागलं असं नसतं. कॅपची नोंदणी वेगळी आणि तिची तारीखही वेगळी. तिथे कागदपत्रं चढवायची, तपासून घ्यायची, मग गुणवत्ता यादी, मग पसंतीक्रम.

पसंतीक्रम भरताना मागच्या वर्षीचे कटऑफ प्रवर्गानुसार बघा, पण यादी मनातल्या खऱ्या क्रमानेच लावा. वर मोठं कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. यंत्रणा वरून खाली येत जिथे तुमचा नंबर लागतो तिथे थांबते. पहिल्या क्रमांकावर मात्र जिथे नक्की जायचंच आहे तेच टाका, कारण पहिल्या फेरीत ते मिळालं की सीट आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी बंद होतात. शक्य असेल तर वरच्या पाच-सहा कॉलेजांत स्वतः जाऊन या. कॅन्टीनमध्ये दुसऱ्या वर्षाची मुलं भेटतात. त्यांना सर्वांत मोठं पॅकेज विचारू नका, ते फलकावर असतंच. रांगेतल्या मधल्या मुलाला काय मिळालं ते विचारा, आणि किती जण अजून बसून आहेत तेही.

सीट मिळाली की स्वीकृतीचं शुल्क मुदतीत ऑनलाइन भरून पावती उतरवून ठेवावी लागते, मग कॉलेजात हजर होऊन प्रवेश पक्का करायचा. शेवटच्या दिवशी साइट हटकून रेंगाळते, तेव्हा सकाळी उठल्या उठल्याच भरून टाका.